लाकडी फरशी की कार्पेट? नागपूरच्या घरासाठी निर्णय कसा घ्यावा

घराचं काम निघालं की बेडरूममध्ये लाकडी फरशी घालायची की भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, यावर घरात चर्चा रंगते. दुकानदार नमुने मांडतो, नमुने सुंदरच असतात, आणि निर्णय बहुतेक वेळा रंग पाहून होतो. फरशी टिकणार की बिघडणार हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं : खोलीतल्या हवेत वर्षभरात किती ओलावा चढतो-उतरतो, खालचा स्लॅब किती कोरडा आहे आणि रोज फरशी कशी पुसली जाते. नागपुरात या तिन्ही गोष्टी टोकाच्या आहेत, म्हणून दुसऱ्या शहरातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. चिकटवून बसवलेलं पूर्ण खोलीचं कार्पेट नागपूरच्या राहत्या घरात घालू नये. अस्सल भरीव लाकडाची फरशी फार मोजक्या घरांनाच झेपते. पहिल्या किंवा त्यावरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये चांगल्या प्रतीची इंजिनियर्ड (प्लायच्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असलेली) लाकडी फरशी खुशाल घालावी. हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि संपूर्ण तळमजला इथे कोटा, मार्बल किंवा टाइल असू द्यावी, आणि पायाखाली मऊपणा हवा असेल तिथे उचलून उन्हात टाकता येईल असा सुटा गालिचा अंथरावा. आता यामागची कारणं.

मे आणि ऑगस्ट यांच्यामध्ये लाकडाचं काय होतं

पावसाळ्यात सागवानी दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं, हे प्रत्येक घराने पाहिलेलं आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि हवा कोरडी झाली की तो सोडतं. ओलावा आला की ते फुगतं, गेला की आकसतं. झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी हे थांबत नाही. पॉलिश केल्याने वेग कमी होतो, पण क्रिया चालूच राहते.

नागपुरात नवतपा लागतो तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते. मृगाचा पाऊस स्थिरावला की हीच आर्द्रता सकाळ-संध्याकाळ ८० ते ९० टक्क्यांवर जाते. २० टक्के आर्द्रतेत लाकूड बराच काळ उघडं राहिलं तर त्यातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरतो, ८५ टक्क्यांत तो १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. घरात, पॉलिशखाली, लाकूड या दोन्ही टोकांना सहसा पोचत नाही. तरी ७ ते १३ टक्के एवढा फरक वर्षभरात पडू शकतो, म्हणजे ६ टक्क्यांचा हेलकावा.

याचा अर्थ मिलिमीटरमध्ये पाहू. सागाची ९० मिमी रुंदीची पट्टी, आडव्या कापाची असेल तर, एवढ्या फरकाने साधारण १ मिमी रुंदीत बदलते. तशीच ओकची पट्टी जवळजवळ २ मिमी बदलते. १२ फूट रुंदीच्या खोलीत अशा ४० पट्ट्या बसतात. कागदावरचा हिशेब केला तर सागाची फरशी ४० मिमी आणि ओकची ८० मिमी सरकायला बघते. प्रत्यक्षात खिळे आणि गोंद तिला बऱ्यापैकी धरून ठेवतात, पट्ट्याही वेगवेगळ्या कापाच्या असतात, म्हणून एवढी हालचाल दिसत नाही. पण दाब तयार होतोच. भिंतीलगत सोडलेली १०-१२ मिमीची फट भरली की पुढचा दाब जायला जागा शोधतो, आणि खोलीच्या मधोमध फरशी तंबूसारखी उचलली जाते.

सागाचा फायदा यातून कळतो. कठीणपणात साग ओकपेक्षा थोडा कमीच आहे : जांका मोजणीत साग साधारण १०७० पौंड, पांढरा ओक १३६०. म्हणजे स्टूल घासलं, पाटा-वरवंटा पडला तर सागावर खळगा लवकर पडतो. पण ओलाव्याने हलण्यात साग ओकच्या निम्मा आहे, आणि विदर्भाच्या हवेत हा गुण कठीणपणापेक्षा मोलाचा. शिवाय सागाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही. अट एकच, गाभाच हवा. कडेचा पांढरा भाग वाळवी आणि भुंगेरे दोन्ही खातात, आणि वर्षभरात पट्टीखालून पिठासारखी भुकटी पडू लागते. लकडगंजच्या लाकूडबाजारात माल घेताना प्रत्येक पट्टीची खालची बाजू उलटून पाहावी. वरून सगळ्या पट्ट्या एकसारख्या रंगवलेल्या असू शकतात, खालची बाजू खोटं बोलत नाही. बल्लारशा-आलापल्लीचं म्हणून विकलेलं लाकूड खरंच तिथलं आहे की परदेशातल्या लागवडीतलं कोवळं साग आहे, हे बिलावर लिहून मागावं. कोवळ्या झाडात पांढरा भाग जास्त असतो.

दुकानात 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात

पहिली, भरीव लाकूड. १८-१९ मिमी जाड, आरपार एकच लाकूड. आयुष्यात चार-सहा वेळा घासून नवं करता येतं.

दुसरी, इंजिनियर्ड. वर २ ते ४ मिमीचा खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर, एकूण १२ ते १५ मिमी. शेजारच्या थरांचे रेषे एकमेकांना काटकोनात असल्याने एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला रोखतो. नागपूरसाठी हीच वस्तू योग्य. पण वरच्या थराची जाडी विचाराच. अर्ध्या मिलिमीटरचा थर असेल तर ती फरशी एकदाही घासता येणार नाही, आणि खोल ओरखडा पडला की खालचा प्लाय दिसतो.

तिसरी, लॅमिनेट. यात लाकूड दिसतं तो छापील कागद असतो, खाली एचडीएफ म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा आणि वर मेलामाइनचा पारदर्शक थर. ओरखडे कमी पडतात, किंमत कमी, मुलांच्या खोलीत चालते. घरासाठी एसी-३ किंवा एसी-४ दर्जाचं (हा झीज सोसण्याचा दर्जा) पुरेसं. पण सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. ती पट्टी बदलण्याशिवाय उपाय नाही.

चौथी, एसपीसी किंवा व्हायनिल. ही दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांची पट्टी असते. पाण्याचा त्रास नाही. कडक ऊन थेट पडणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीपाशी मात्र ती तापून प्रसरण पावते, तिथे जाड पडदा हवा.

चारही ओळखायची रीत सोपी आहे. नमुन्याची पट्टी हातात घेऊन कापलेली कड पाहा. रेषा वरून कडेवर तशाच उतरत असतील तर भरीव, प्लायचे थर दिसले तर इंजिनियर्ड, तपकिरी एकजीव भुसा दिसला तर लॅमिनेट, राखाडी दगडासारखं दिसलं तर एसपीसी. लॅमिनेटला लाकडाचा भाव लावणारी दुकानं आहेत, म्हणून कड पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कूलर

लाकडी फरशीवरच्या परदेशी पुस्तिकांत कूलरचा विषय येत नाही, आणि नागपुरात मार्च ते जून तो सर्वांत महत्त्वाचा असतो. कूलर खोलीत ओलावा ओततो. बाहेर आर्द्रता २० टक्के असताना कूलरच्या खोलीत ती ५०-६० किंवा त्याहून जास्त असते. लाकडाच्या दृष्टीने ही गोष्ट चांगली आहे, कारण उन्हाळ्यात ते फार आकसत नाही आणि पावसाळा आला की फुगण्यासाठी फारसं उरत नाही. वर्षभराचा हेलकावा उलट कमी होतो.

मग बिघडतं कशामुळे? तीन कारणं. एक, कूलरचा झोत खिडकीतून थेट फरशीच्या ठरावीक पट्ट्यांवर येतो. त्या पट्ट्या भिजल्यासारख्या राहतात, चार फुटांवरच्या कोरड्या राहतात. दोन, ताट्यांवर पाणी जास्त सोडलेलं असेल तर पंख्याबरोबर तुषार उडतात, आणि ट्रे तिरपा असेल तर खिडकीखालून ओघळ उतरतो. स्कर्टिंगच्या मागे गेलेलं हे पाणी दिसत नाही, महिन्याभरात तिथली फरशी काळी पडते. तीन, उन्हाळ्याच्या सुट्टीत घर तीन आठवडे बंद असतं. कूलर बंद, खिडक्या बंद, वर तापलेला स्लॅब. ओलाव्याची सवय झालेलं लाकूड या दिवसांत झपाट्याने आकसतं, आणि परत आल्यावर पट्ट्यांमध्ये नखाएवढ्या फटी दिसतात. या फटींत लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात पट्ट्या फुगून त्या बुजतात. लांबी भरलेली असेल तर ती दाबली जाऊन पट्टीची कड फुटते.

कूलर ठेवायचाच असेल तर त्याचं तोंड छताकडे वळवावं, स्टँडला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा आणि खिडकीखालचा दीड फुटाचा पट्टा टाइलचाच ठेवावा. टाइल आणि लाकूड यांच्या सांध्यावर धातूची पट्टी बसते, दिसायलाही वाईट दिसत नाही. एसीच्या खोलीत हा प्रश्न नाही. एसी पावसाळ्यातला दमटपणाही कमी करतो, म्हणून लाकडी फरशीसाठी एसीची बेडरूम ही घरातली सर्वांत सुरक्षित जागा.

खालचा स्लॅब कोरडा आहे का

फरशी खालूनही भिजते. नागपूरची बरीच वस्ती काळ्या मातीवर आहे. ही माती पाणी धरून ठेवते, आणि जुन्या घरांत पायावर ओल अडवणारा थर नसेल तर पावसाळाभर ओल जोत्यातून वर चढत राहते. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत रंगाचे पापुद्रे निघत असतील, पांढरा क्षार दिसत असेल तर त्या खोलीत लाकूड आणि कार्पेट दोन्ही विसरा. दगडाची फरशी ही ओल सहन करते, तिच्यावर पांघरलेलं काहीही ती आत कोंडतं.

तळमजल्याबद्दल आणखी एक कारण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरलं आणि तळमजल्यावरची कितीतरी घरं भिजली. टाइलची फरशी अशा वेळी चिखल धुऊन परत वापरता येते. भरीव लाकूड क्वचित वाचतं, लॅमिनेट आणि कार्पेट फेकावंच लागतं. नाग किंवा पिवळी नदीच्या, मोठ्या नाल्याच्या आसपास घर असेल तर तळमजल्यावर हा खर्च करू नये.

वरच्या मजल्यावरसुद्धा नव्या बांधकामात घाई नको. काँक्रीटचा प्रत्येक इंच वाळायला साधारण महिना लागतो, म्हणजे पाच इंचांच्या स्लॅबला कोरड्या हवेत पाच महिने, पावसाळ्यात जास्त. तपासणी घरच्या घरी होते. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस, तसाच ठेवा. प्लास्टिकच्या खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर स्लॅब अजून ओला आहे. खोलीत दोन-तीन ठिकाणी करा, त्यात एक जागा बाथरूमच्या भिंतीलगतची असू द्या. बाथरूममधली गळती बहुतेक वेळा याच भिंतीतून बेडरूममध्ये येते. मे महिन्यात केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, ऑगस्टमधली खरी.

जुन्या टाइलवर लाकूड बसवायला हरकत नाही, टाइल फोडायची गरज नसते. मात्र टकटक करून पोकळ आवाज येणाऱ्या टाइल आधी पक्क्या कराव्यात. सपाटी तपासायला दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर ठेवून फिरवा. कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे सेल्फ-लेव्हलिंग मसाला भरून घ्यावा. हे टाळलं तर फरशी चालताना करकरते आणि वर्ष-दोन वर्षांत क्लिकची, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवायची, खाच तुटते. मिस्त्री म्हणतात, फोम टाकला की बसून जातं. बसत नाही, फोम दबतो आणि खड्डा तसाच राहतो.

वाळवीचा बंदोबस्त याच टप्प्यावर करायचा. बांधून झालेल्या घरांसाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे, त्याप्रमाणे भिंत आणि फरशीच्या सांध्यात छिद्रं पाडून औषध भरलं जातं. फरशी बसल्यावर हे काम नीट होत नाही.

बसवण्याचा महिना आणि पद्धत

मे महिन्यात बसवलेली फरशी जुलैत उचलली जाते, ऑगस्टमध्ये बसवलेली मेमध्ये फटी दाखवते. लाकूड मधल्या ओलाव्यावर असताना बसवलं की दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा हेलकावा मिळतो. नागपुरात हा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. लग्नाची किंवा गृहप्रवेशाची तारीख मे महिन्यातली असेल तर काम फेब्रुवारीत उरकून घ्यावं.

भरीव लाकूड त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं १० ते १४ दिवस रचून ठेवायचं. त्या काळात खोली नेहमीसारखी वापरात असावी. इंजिनियर्ड आणि लॅमिनेटचे खोके बंदच, आडवे, दोन दिवस ठेवले की पुरे. कंत्राटदाराकडे ओलावा मोजायचं पिनवालं मीटर असलंच पाहिजे. लाकडाचं वाचन ८ ते ११ टक्क्यांच्या आसपास यावं. भरीव फरशीखाली प्लाय घालणार असाल तर पट्टी आणि प्लाय यांच्या वाचनात अरुंद पट्ट्यांसाठी ४ आणि तीन इंच आणि त्याहून रुंद पट्ट्यांसाठी २ टक्क्यांहून जास्त फरक नको. मीटर नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नये, ही आमची ठाम सूचना आहे. हाताने चाचपून ओलावा कळत नाही.

इंजिनियर्ड फरशी तरंगती बसवणं सोयीचं. खाली ०.२ मिमी जाडीचं प्लास्टिक, त्याच्या कडा एकमेकांवर २० सेमी चढवून टेप लावलेल्या. त्यावर २-३ मिमीचा फोम, आणि वर पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, कुठेही न ठोकलेल्या. चारही भिंतींपासून, दाराच्या चौकटीपासून, खांबापासून १० ते १२ मिमी फट. ही फट स्कर्टिंग झाकते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, फरशीला कधीच नाही. सलग लांबी ८-१० मीटरच्या पुढे गेली की मध्ये जोडपट्टी घालून तोडायची.

सर्वांत जास्त चूक इथे होते : तरंगत्या फरशीवर भिंतीत पक्कं केलेलं कपाट किंवा जड दिवाण बसवला जातो. तिथे फरशी जखडली जाते, बाकीची हलायला बघते, आणि सांधे कपाटापासून दोन-तीन फुटांवर उघडतात. पक्की कपाटं आधी टाइलवर बसवा, फरशी त्यांच्या पायथ्यापर्यंत आणून फट सोडा. दारांचाही हिशेब आधी लावा. १४ मिमीची फरशी आणि ३ मिमीचा फोम म्हणजे १७ मिमी उंची वाढते. भरीव फरशीखाली १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय आला की ती ३० मिमीच्या पुढे जाते. दारं खालून तासावी लागतील, लोखंडी सुरक्षा-दार असेल तर ते तासताच येत नाही.

फरशी बसल्यावर पहिल्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या कडा वर येऊन मध्ये खोलगट झालं तर समजावं, खालून ओल येते आहे किंवा पुसताना पाणी जास्त वापरलं जातं आहे. अशा वेळी सुतार लगेच घासून सपाट करू म्हणतो. करू देऊ नका. ओलीचं कारण शोधून बंद करा आणि हिवाळ्यापर्यंत थांबा, बहुतेक पट्ट्या आपोआप बसतात. फुगलेल्या कडा घासल्या तर वाळल्यावर त्याच पट्ट्या मध्ये उंचवट्याच्या होतात, आणि वरच्या थराची जाडी फुकट जाते.

कार्पेटच्या विरोधात आणि बाजूने

कार्पेटचे गुण खरे आहेत. पावलांचा, खेळण्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जात नाही. रांगणारं मूल पडलं तर लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाय गारठत नाहीत. पण नागपुरात फरशी गार लागण्याचे दिवस दीड-दोन महिन्यांचे, आणि गार फरशी हवीहवीशी वाटण्याचे दिवस चार महिन्यांचे. दुपारी उघड्या फरशीवर आडवं होण्याचं सुख कार्पेटने कायमचं जातं.

खरी अडचण धुळीची आहे. रस्त्यांची खोदकामं, बेसा-मनीषनगरसारख्या भागांत सतत चालणारी बांधकामं, उन्हाळ्यातली वावटळ, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला औष्णिक केंद्रांची राख. टाइलवरची धूळ रोज ओल्या फडक्याने निघते. कार्पेटमध्ये ती तंतूंच्या मुळाशी जाऊन बसते, आणि वाळूचे बारीक कण चालताना तंतूंनाच कापतात. दोन वर्षांत वावराची वाट कार्पेटवर राखाडी उमटते, ती धुऊन जात नाही, कारण तो मळ नसून झिजलेला तंतू असतो.

धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे दमा आणि सकाळच्या शिंका वाढतात, पाणी हवेतून शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते तग धरत नाहीत. कोरडा मे त्यांना संपवतो, असं वाटेल, पण कूलरच्या खोलीत आर्द्रता ५० च्या वरच असते आणि लगेच पुढे चार महिने पावसाळा येतो. मेलेल्या किड्यांचे अवशेषही त्रास देतातच. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर पूर्ण कार्पेटचा विचार सोडून द्यावा.

पाण्याचं गणित आणखी कडक आहे. भिजलेलं कार्पेट आणि त्याखालचा अंडरले २४ ते ४८ तासांत पूर्ण कोरडा झाला नाही तर बुरशी धरते. जुलैमध्ये एवढ्या वेळात तो वाळत नाही.

एवढं असूनही मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर आवाज थांबवायला कार्पेट हवंच असेल तर ५० बाय ५० सेमीच्या कार्पेट टाइल घ्या. रंग सांडला तर तेवढा तुकडा काढून धुता येतो, फार बिघडला तर बदलता येतो. त्यासाठी सुरुवातीलाच १० टक्के जादा टाइल घेऊन ठेवा, पुढे त्याच छटेच्या मिळत नाहीत. तंतू नायलॉनचा घ्यावा, दबून परत उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि डाग न धरणारं असलं तरी लवकर चपटं होतं आणि तेल धरून ठेवतं. लोकर उत्तम, पण पावसाळ्यात कसर लागते. घरात मांजर असेल तर फासांच्या विणीचं नको, नखात फास अडकून ओळच्या ओळ उसवते.

बहुतेक घरांना सुटा गालिचा किंवा जाड सतरंजी पुरते. पाऊस सुरू होण्याआधी ती उलटी करून तासभर उन्हात टाकावी, उलटी यासाठी की मेच्या उन्हाने रंग उडतो. मग झटकून, घडी न घालता गुंडाळून, सुती चादरीत बांधून ठेवावी. प्लास्टिकमध्ये बांधू नये, आत दमटपणा कोंडतो. लाकडी फरशीवर गालिचा अंथरणार असाल तर त्याखाली रबराची जाळी टाकू नका, काही महिन्यांत पॉलिशवर पिवळट डाग उमटतो. फेल्टचा थर घ्या. नव्या लाकडावर पहिले सहा महिने गालिचा अधूनमधून सरकवत राहा. उजेडाने लाकडाचा रंग बदलतो, आणि गालिच्याखालचा चौकोन वेगळा दिसू लागतो.

घरात आजी-आजोबा असतील तर लहान सुट्या गालिच्यांची जागा नीट ठरवावी. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एकही गालिचा किंवा पायपुसणं नको, रात्री कडेला पाय अडकून माणूस पडतो आणि या वयात खुबा मोडतो. वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरात असेल तर गालिच्याची जाडी १२ मिमीच्या आत हवी आणि कडा चिकटवलेल्या. लाकूड घेतलं तर मॅट पॉलिश घ्यावं, चकचकीत पॉलिशवर मोज्यांनी पाय घसरतो.

पुसणं आणि डाग

लाकडी फरशी घेण्याआधी घरात एक गोष्ट मोकळेपणाने ठरवा. झाडू-पोछा कोण करतं, आणि ती व्यक्ती वेगळ्या पद्धतीने पुसायला तयार आहे का? बादलीभर पाणी, फिनेल आणि ओला पोछा ही आपली रोजची रीत आहे. टाइलला ती योग्य, लाकडाला घातक. लाकडासाठी आधी मऊ ब्रशचा झाडू किंवा व्हॅक्यूम, म्हणजे वाळू निघून जाते. मग मायक्रोफायबरचं फडकं इतकं पिळून घ्यायचं की पुसल्यावर ओल मिनिटभरात उडून जाईल. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. फिनेल, ॲसिड, वाफेचा मॉप यातलं काहीही नको. कामाला येणाऱ्या ताईंना हे स्वतः करून दाखवावं आणि त्या खोलीचं फडकं वेगळं ठेवावं. एकाच घरात दोन पद्धती चालवणं अवघड वाटत असेल तर लाकडासारखी दिसणारी २०० बाय १२०० मिमीची टाइल घ्यावी. ती निवडण्यात कमीपणा काहीच नाही.

गालिच्यावर हळदीचा डाग पडला तर साबण लावू नका. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते आणि डाग पक्का बसतो. कोरड्या फडक्याने बाहेरून आत टिपून घ्या, थंड पाण्याने पुन्हा टिपा, आणि उरलेला पिवळेपणा उन्हाला दाखवा, उन्हाने हळद फिकी होते. समईचं तेल सांडलं तर त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झाडून काढा, मगच भांड्याच्या लिक्विडचा पातळ फेस वापरा. कुंकू कधीच चोळू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. गालिचे धुवायला द्यायचे ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, तेव्हा ते लवकर वाळतात.

माप आणि कोटेशन

१२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. सरळ पट्ट्यांसाठी ७-८ टक्के जादा धरा, म्हणजे साधारण १८१. तिरप्या किंवा हेरिंगबोन नक्षीसाठी १२ ते १५ टक्के, म्हणजे १९० च्या आसपास. माल खोक्यांत येतो, त्यामुळे आकडा वरच्या पूर्ण खोक्यावर न्या आणि उरलेल्या पट्ट्या सांभाळून ठेवा. कोटेशन चौरस फुटाच्या एका भावावर घेऊ नका. माल, फोम आणि प्लास्टिक, लेव्हलिंग, स्कर्टिंगचे धावते फूट, जोडपट्ट्या, दारं तासणं, फर्निचर हलवणं आणि कर या सगळ्यांचे आकडे वेगळे लिहून घ्या. स्वस्त वाटणारं कोटेशन बहुतेक वेळा लेव्हलिंग आणि स्कर्टिंग वगळलेलं असतं.

वॉरंटीचा कागद बसवण्याआधी वाचा. बऱ्याच कंपन्या खोलीतली आर्द्रता ठरावीक मर्यादेत, बहुधा ३५-४० ते ६०-६५ टक्क्यांमध्ये, राहण्याची अट घालतात. नागपुरात ही अट वर्षातून दोनदा मोडते. एक साधं डिजिटल आर्द्रतामापक खोलीत लावून ठेवा. आकडा वॉरंटीच्या वरच्या मर्यादेपुढे गेला की एसी ड्राय मोडवर काही तास चालवा, खालच्या मर्यादेच्या खाली गेला की कूलर छताकडे तोंड करून लावा किंवा खोलीत पाण्याचं रुंद भांडं ठेवा.